न आलेलं वारं

पुतळाबाय रिक्षातून उतरली तेव्हा अंगणात मंडपाचे बांबू उभे राहत होते. म्हातारी बाई, पण हातात काठी नाही की कुणाचा आधार नाही. ओटीवर टेकली, घरच्या सुनेने, करिष्माने, पुढे केलेला पाण्याचा तांब्या बाजूला ठेवला आणि विचारलं, "हौसा कुठं हाय?"

हौसा मागच्या दारी तांदूळ निवडत होती. नणंदेचा आवाज कानावर आला तसे तिचे हात थांबले. मनोजनेच, थोरल्या मुलानेच, बोलावून घेतलं असणार. गेल्या आठवड्यात त्याच्याशी जे बोलणं अर्धवट तुटलं होतं, ते पुरं करायला त्याने घरातलं सगळ्यात मोठं माणूस आणलं होतं. तिने सूप भिंतीला लावलं, पदराला हात पुसले आणि बाहेर आली.

"मनोज काय सांगतो, खरा हाय?" पुतळाबायने विचारलं.

"काय सांगतो, बाय?"

"उद्या तू बसनार न्हाय म्हनून."

"बसनार हाय. केस सोडनार न्हाय, मलवट भरनार न्हाय."

"मंग देवी कशी येल?"

 मनोज दाराशी उभा होता. हातातला फोन वाजत होता, पण तो उचलत नव्हता.

केण्यांच्या घरात देवीचं वारं सासूकडून सुनेकडे येत आलं होतं. सासू गेली, त्या वर्षीच्या नवरात्रात ढोल वाजला आणि हौसा पंक्तीत वाढता वाढता थरथरायला लागली. हातातली परात कुणी घेतली, केस कधी सुटले, तिला कळलं नाही. तेव्हापासून दरवर्षी ती कपाळभर कुंकवाचा मळवट भरून, हिरवं लुगडं नेसून देवघरासमोर बसत आली. इथली अंजूरची, पूर्ण्याची, पार अंबाडीपासूनची माणसं येत. कुणाला मूल नसे, कुणाचा मुलगा घर सोडून गेलेला असे. देवी तिच्या तोंडून बोले. वारं उतरल्यावर आपण काय बोललो ते हौसाला आठवत नसे. घसा तेवढा दुखे, आणि अंग ओहोटी लागलेल्या खाडीसारखं रिकामं होऊन जाई.

गेल्या पावसाळ्यात हौसाच्या नवऱ्याला, बाळारामला, लकवा मारला. तो इस्पितळात असताना मनोज नवस बोलला की बाप उठून बसला तर देवीला शेतात संगमरवरी देऊळ बांधीन. बाप उठून बसला. ज्या तुकड्यात केण्यांचं शेवटचं भात पिकलं होतं त्यात देऊळ उभं राहिलं. उद्या प्रतिष्ठा होती, आणि प्रतिष्ठेनंतर देवीचा कौल.

"नवरात्रात मी बसली व्हती, बाय," हौसा शेवटी म्हणाली. "तुमी जवलच व्हतात. ढोल वाजला, सगले बघत राहिले. कायच झाला न्हाय."

"आजारपनाचा घर व्हता तवा. काय तरी चुकला असंल. देवीला मानपान नको?"

"मान कमी न्हवता पडला."

"आये," मनोज आता पुढे आला. "पत्रिका वाटून झाल्यात. लोकांना शब्द दिलाय मी. तू नुसती नेहमीसारखी बस. यायचं असंल तर येईल."

"आनि नाय आली तर?"

मनोजने आत्याकडे पाहिलं. 

कुमार तेवढ्यात आला होता. धाकटा. भिवंडीत कॉलेजात शिकवायचा, तिकडेच राहायचा. बूट काढता काढता त्याने सगळं ऐकलं आणि हसला. "दादा, सोड ना आता. मी किती वर्षं सांगतोय, हे सगळे मनाचे खेळ असतात. शेवटी आयेलाही कळलं."

"कुमार, तू मदी बोलू नको," हौसा म्हणाली. "मी तुज्या बाजूची न्हाय."

"म्हणजे? अजून तुला वाटतं, देवी यायची?"

"यायची. तुना भूक लागली न्हाय म्हनून माजा जेवन खोटा व्हतो का?"

 पुतळाबायने तांब्या उचलला आणि पाणी प्यायली. ओटीवरच्या सगळ्यांना हौसा आपल्या विरुद्ध आहे असं वाटलं, आणि हौसाला वाटलं, आपल्याला हे सांगता येत असतं तर किती बरं झालं असतं.

सांगायचं तरी काय? बाळाराम भिवंडीच्या इस्पितळात होता. खाटेमागच्या खिडकीला लागून गल्ली होती आणि गल्लीत कापड विणणारे लूम चालत. दिवसभर खटखट, खटखट. सुरुवातीला हौसा देवीची नावं घेत राहिली. अंगारा उशीखाली ठेवला. चादर बदलताना तो केरात गेला. नवस बोलून झाले, स्वतःला बोल लावून झाले. मग एका दुपारी म्हणण्यासारखं सगळं संपलं. ती नुसती बसून राहिली. नवऱ्याचा श्वास आत जाई, अडखळे, बाहेर येई. ती तो बघत राहिली, आणि बघता बघता तिला स्वतःचाही श्वास दिसू लागला. तेवढ्यात शिफ्ट सुटली, लूम एकदम थांबले. अशी शांतता झाली की ती दचकली. आणि तिच्या लक्षात आलं की लूम ऐकणारं आत जे काही होतं, ते लूम थांबल्यावरही तसंच जागं आहे. भीतीसुद्धा त्याच्यासमोर बसलेली होती, खोलीत एखादं माणूस बसावं तशी.

शेजारच्या खाटेवर एक लूम कामगार पाय मोडून पडला होता. त्याच्या बायकोने एकदा विचारलं होतं, "अम्मा, आँखें बंद करके किसको याद करती हो?"

"किसीको नहीं. बस, बैठती मैं."

 मग खाटेच्या कडेला ती बाईही डोळे मिटून बसली. दोघी त्यानंतर त्यावर कधी बोलल्या नाहीत.

घरी आल्यापासून हौसा रोज पहाटे मागच्या दारी बसायची. दिवा नाही, घंटा नाही. देवघरातली पूजा करिष्मा करायची. हौसाने पूजा सोडली असं कुणाच्या लक्षातही आलं नाही. तिने ती टाकली नव्हतीच. तिला तिची गरज उरली नव्हती, एवढंच.

दुपारी स्वयंपाकघरात हौसाजवळ भाकरीचं पीठ मळता मळता करिष्माने उठून दार लोटून घेतलं. ती भिवंडीत वाढलेली, फटकळ बोलायची. मनोजच्या शब्दाबाहेर नव्हती. गेला आठवडाभर सासूशी अबोला धरून होती. आता मात्र तिचा चेहरा उतरला होता.

"आई, हे म्हणतात तुम्ही नाही बसलात तर मी बसायचं. सुनेकडेच येतं ना म्हणे."

"मंग?"

"मला काही होत नाही हो. नवरात्रातही नाही झालं कधी. मी काय नुसती मान हलवू? उद्या त्या लोकांनी विचारलं तर सांगू काय?"

हौसाने तिच्या हातातला गोळा काढून घेतला. भाकरीचं पीठ तिच्या बोटांत सुकलं होतं. "तू न्हाय बसायचा. मी मनोजला सांगते."

करिष्मा हलली नाही. "अजून एक आहे. अंबाडीची कमळा तुम्हाला आठवते? तिची मुलगी, मनाली. हृदयाला भोक आहे म्हणतात तिच्या. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय, लवकर करा म्हणाले. पण सासरा अडून बसलाय. देवीचा कौल झाल्याशिवाय पोरीची छाती फाडू देणार नाही म्हणतो. कमळाचा सकाळपासून सारखा फोन येतोय. उद्या येणार आहेत ते."

हौसाने गोळा खाली ठेवला.

"आई, एक बोलू? तुम्ही उद्या केस सोडा. देवीच्या तोंडून एवढंच म्हणा, न्या पोरीला. तुमचं हौसा म्हणून तो म्हातारा ऐकणार नाही. देवीचं ऐकेल."

दार ढकलून कुमार आत आला. त्याने बाहेरून ऐकलं होतं. "वहिनी बरोबर बोलतेय, आये," तो हलक्या आवाजात म्हणाला. "एकदाच. कुणाचं काय बिघडतंय?"

"सकाली तू येगला बोलत व्हतास."

"सकाळी मुलीच्या जिवाचा प्रश्न नव्हता."

 ज्याने आयुष्यभर वाऱ्याला थोतांड म्हटलं तो तिला सोंग करायला सांगत होता, आणि त्याचं चुकत होतं असंही तिला म्हणवत नव्हतं. ती दोघांना तिथेच सोडून उठली.

बाळाराम परसात खुर्चीवर बसला होता, खाडीकडे तोंड करून. खाडीच्या अलीकडे आता गोडाऊनचे निळे पत्रे दिसत. उजवा हात मांडीवर पडलेला. हौसा त्याच्या पायाशी बसली आणि तिने सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. लकव्यानंतर शब्द त्याच्या तोंडातून अडखळत, वेगवेगळे येत, म्हणून तो मोजकंच बोले.

"खोटा... बोललीस, तर पोरगी... वाचंल," तो म्हणाला.

"व्हय."

पुढचं वाक्य जुळवायला त्याला वेळ लागला. हौसाने घाई केली नाही.

"मंग फुडल्या पोरीला... कोन सांगंल?"

"मी काय करू, तुमीच सांगा."

त्याने डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि तसाच ठेवून तो खाडीकडे बघत राहिला. 

दुसऱ्या दिवशी ऊन वर येईपर्यंत शेत माणसांनी भरून गेलं. भटजींचे मंत्र झाले, पूर्णाहुती झाली, मूर्तीच्या डोळ्यांवरची पट्टी निघाली. पांढऱ्याशुभ्र संगमरवरातली देवी उन्हात लखलखत होती. मनोज पायरीशी हात जोडून उभा होता, घामाने सदरा पाठीला चिकटलेला. जेवणावळी सुरू व्हायच्या आधी मंडपात पाट मांडला गेला. पुतळाबाय कुंकवाचं ताट घेऊन पाटाजवळ बसली.

हौसा आली ती रोजच्या निळ्या लुगड्यात. केस बांधलेले. लोकांत कुजबुज झाली. पुतळाबायने ताट पुढे केलं. हौसाने बोटभर कुंकू घेऊन नेहमीएवढं कपाळाला लावलं आणि बसली. पुतळाबायने ढोलवाल्याला खूण केली.

ढोल वाजला आणि जे हौसाला वाटलं नव्हतं तेच झालं. ठेका छातीत घुमला. अंगाला जुनी वाट पाठ होती. खांदे थरथरले, मानेतून कळ गेली, आणि समोरच्या बायकांनी "माउली, माउली" म्हणत हात जोडले. वर्षानुवर्षं ती इथूनच निघून जायची. आताही जाता आलं असतं. कुणी त्याला सोंग म्हटलं नसतं, तिनेही नाही. देवी तिच्या तोंडून बोलली असती आणि पोरगी इस्पितळात गेली असती. ती थरथर तिने बघितली. लूम बघत होती तशी, लढली नाही की हाकलली नाही. लाट भरली, उंच झाली, आणि किनाऱ्याला न लागताच ओसरली. आतलं जागं होतं ते तसंच जागं राहिलं.

तिने हात वर केला. ढोल थांबला.

कमळा सगळ्यांच्या पुढे बसली होती, मांडीवर मनाली. पोरगी सात-आठ वर्षांची असेल. ओठांवर निळसर झाक होती. बाजूला कमळाचा सासरा, डोक्यावर टोपी, हातात नारळ. नवरा मागे उभा.

सासऱ्याने हौसाचे डोळे पाहिले आणि नारळ मागे घेतला. "देवी न्हाय आली?"

"न्हाय, दादा."

"तुना सोडून गेली?"

"पाव्हना येतो नि जातो," हौसा म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता; मंडपात मागेपर्यंत लोक पुढे झुकले. "घरचा मानूस यायला कुठं जातो? तो असतोच. मना ती आता सोडीत न्हाय, म्हनून ती येत न्हाय. एवढाच झाला."

पुतळाबायने ताट जमिनीवर ठेवलं. ते वाजलं.

"आमी कौल घ्यायला आयलो," म्हातारा म्हणाला. "पोरीची छाती उघडायची का न्हाय, त्ये सांगा."

"मी सांगते, न्या. पन मी हौसा म्हनून सांगते. तुमी माजा ऐकनार न्हाय, ठाऊक हाय मना." ती कमळाकडे वळली. "कमले, तू काय सांगतेस?"

कमळा गांगरली. तिला या प्रश्नाची सवय नव्हती. "मी? माजा कोन इचारतो, आये?"

"मी इचारते. डोले मीट. पोरीला पोटाशी धर. घाई न्हाय."

कमळाने मनालीची पाठ छातीशी घट्ट धरली आणि डोळे मिटले. मंडपात एवढी माणसं होती, पण कुणी हललं नाही. नाक्यावरून वळणाऱ्या कंटेनरचा घरघराट तेवढा आला आणि विरला.

"काय कलतंय?"

"हिचा जीव. धडधड धडधड करतो. मदीच चुकतो."

"आनि तुजा?"

"भ्या वाटतंय."

"वाटू दे. त्याला हाकलू नको. त्याच्या मागं काय हाय, त्ये बघ."

कमळा बराच वेळ बसून राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण चेहरा हळूहळू सैल पडत गेला. मग ती डोळे न उघडताच बोलली, आणि तिचा आवाज तिच्या घरच्यांनी कधी ऐकला नसेल एवढा स्थिर होता.

"हिला न्यायची. उद्याच न्यायची."

"कौल न्हाय झाला," सासरा पुटपुटला.

"झाला," हौसा म्हणाली. "तुमच्या सुनेच्या तोंडून झाला, दादा. तिच्या आत कोन बोलला असंल म्हनून तुमाला वाटतो?"

म्हातारा नारळाकडे बघत राहिला. त्याने मागे वळून मुलाकडे पाहिलं. मुलाने मान खाली घातली, मग वर केली आणि बायकोच्या शेजारी येऊन बसला. म्हाताऱ्याने आधार शोधावा तसं मनोजकडे पाहिलं. "मनोजशेठ, ह्यो काय प्रकार हाय?"

सगळे मनोजकडे बघू लागले. हौसाही. दरवर्षी वारं आलं की तिचे डोळे घरातल्या कुणाला ओळखत नसत. मनोज लहान असताना खांबाआड उभा राहून रडायचा, हे तिला नंतर दुसऱ्यांकडून कळायचं. आज ती त्याला बघत होती. घामेजलेला सदरा, पांढरे होऊ लागलेले कल्ले. त्याला देवीच्या तोंडून एक वाक्य ऐकायचं होतं, हे तिला आता लख्ख दिसलं.

"मनोज," ती म्हणाली, "देऊल चांगला बांधलास. बापासाठी बांधलास. मी बघितला."

मनोजचा जबडा हलला. त्याने बाहीने तोंड पुसलं. राग गेला नव्हता, तो इतक्या लवकर जाणारही नव्हता. पण तो पायरी उतरून म्हाताऱ्याजवळ आला. "काका, गाडी माझी आहे. उद्या सकाळी अंबाडीला येतो. आये येईल, मी पण येतो."

पुतळाबाय न जेवता निघाली. करिष्मा तिला पोचवायला नाक्यापर्यंत गेली, तर म्हातारीने रिक्षात बसताना एवढंच सांगितलं की या घरचं पाणी पुन्हा तिच्या तोंडी लागायचं नाही. तिने तो शब्द पाळला. दिवाळीला हौसा तिच्या दारी जाऊन बसली. पुतळाबायने आतून दार उघडलं नाही. कौल घ्यायला येणारी माणसंही हळूहळू दुसऱ्या गावच्या भगताकडे वळली. देवळात आरती व्हायची, पण मनोजने मनात आणली होती ती गर्दी कधी जमली नाही. कुमारने आईला विचारलं की तू तेव्हा सोंग न घेता एवढा धोका का पत्करलास. म्हातारा नाही म्हणाला असता तर? हौसा म्हणाली, तर मी त्याच्या दारात जाऊन बसली असती. कुमारला ते पटलं नाही. पण त्यानंतर तो दर रविवारी अंजूरला येऊ लागला, आणि कधीकधी पहाटे मागच्या दाराशी काही न बोलता उभा राहू लागला.

मनालीचं ऑपरेशन मात्र त्याआधीच मुंबईच्या मोठ्या इस्पितळात झालं. पोरीला आत नेलं तेव्हा कमळाने तिचा हात शेवटपर्यंत धरून ठेवला होता. मग दार बंद झालं. कमळाचा सासरा व्हरांड्याच्या टोकाला जाऊन जमिनीवर बसला, टोपी गुडघ्यावर ठेवून. कमळा हौसाला टेकून बसली.

मनोज फेऱ्या घालत होता. फोनवर बोलून झालं, चहा पिऊन झाला, पुन्हा फोन. भिंतीवर देवाची तसबीरही नव्हती, की जिच्यासमोर उभं राहावं. शेवटी तो आईशेजारी बाकावर येऊन बसला. मोठे हात कुठे ठेवावे ते त्याला कळेना.

"आये, तू पप्पांच्या वेळी इतके दिवस काय करत होतीस अशी बसून?"

"कायच न्हाय."

"मग मी काय करू?"

"त्येच."

त्याने पाठ भिंतीला टेकवली. मग डोळे मिटले, थोड्या वेळाने उघडले, फोनकडे हात नेला, मागे घेतला. पुन्हा मिटले. त्याचा श्वास जोरात चालला होता, हौसाला ऐकू येत होता. हळूहळू श्वास शांत होत गेला. खांदे उतरले.

दार उघडलं तेव्हा डॉक्टरांच्या तोंडावरचा कपडा गळ्यात आलेला होता. नीट झालं, म्हणाले, पोरगी सुखरूप आहे. कमळा हुंदके देत उठली. म्हाताऱ्याने टोपी तोंडावर दाबली.

मनोज तसाच बसला होता, डोळे मिटून, ओंजळ उघडी. त्याला कळलं नव्हतं. हौसाने त्याला हलवायला हात उचलला, आणि मग मागे घेतला. बातमी कुठे जात नव्हती. तिने त्याला अजून थोडं बसू दिलं.